लायसनचा कोड

तुमसरच्या एका राइस मिलचं जुनं बिलिंग कुंदन घरूनच, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, चालवायचा. काल त्यानं ते मशीन जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर हलवलं. आज सकाळी स्क्रीनवर आलं, "कॉम्प्युटर बदलला आहे. लायसन पुन्हा सुरू करा." मिलच्या फाटकाशी तांदळाचे अकरा ट्रक बिलासाठी खोळंबलेले, आणि मालक फोनवर आईबहिणीवरून शिव्या देत होता.

"काहून हात लावला माह्या लॅपटॉपले?" म्हणत कुंदन बायकोवरच धावून गेला. पहिल्या ठोशात मोनिकाचा ओठ फाटला, दुसऱ्यात डोळा मिटला. खाली पडली, तरी तो डोक्यात मारतच राहिला.

दम लागला तेव्हा त्यानं बिलिंगच्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला. लायसन मोनिकाच्या नंबरवर होतं, कोड तिच्याच मोबाइलवर गेला होता.

केस धरून त्यानं तिचं तोंड वर केलं आणि मोबाइल समोर धरला. एकदा, दोनदा, पाचदा.

"चेहरा ओळखता आला नाही. पिन टाका."

"पिन सांग!" तो ओरडला.



मोनिकानं रक्त थुंकलं. "डोक्यात मारलं नं तुमी. आता आठवूनच नाही राहिला."