बिनबोलाचा तास

चार वाजायला पाच मिनिटं होती. आजीने फ्रिजवरचा कागद तिसऱ्यांदा वाचला. अक्षर लेकीचं होतं. ‘शाळेतून आल्यावर पहिला एक तास घरात कुणीही बोलायचं नाही.’ ‘कुणीही’खाली दोन रेघा.

त्या रेघा आपल्यासाठीच ओढल्यात, हे आजीने ओळखलं. तिची एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलतं करायचं, हेच तिचं काम. आणि तिच्याच नातीने सात वर्षांत एक शब्द काढू नये? नातीला ऑटिझम आहे, ती बोलत नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. आजीने ते ऐकून घेतलं होतं, एवढंच.

“घरात कुणी बोललंच नाही, तर पोर बोलायला शिकणार कुठून?” तिने सकाळी लेकीला विचारलं होतं. आजच, नात शाळेला गेल्यावर, आजी मुक्कामाला आली होती.

लेक औषधाच्या दुकानात कामाला निघाली होती. “आई, सांभाळणाऱ्या ताईला तिचं काम करू दे. आधीच्या तिघी महिनाभरही टिकल्या नाहीत. ही दीड वर्ष येतेय.”

“सुट्टीत मी नेते तिला माझ्याकडे. बडबड करायला लागते की नाही बघ.”

“आधी आजची दुपार बघ. मग ठरवू.” लेक चपला घालून निघूनही गेली.

दार उघडलं. शाळेच्या बसमधून उतरवून आणलेली भिंगरी आधी आत आली. स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून हे नाव पडलेलं. मागे तिला सांभाळणारी ताई, तिशीची, सडपातळ. आजीकडे बघून ती हसली आणि तिने कागदाकडे बोट दाखवलं.

पण नात समोर दिसल्यावर आजीला कुठला दम निघतोय! “अगं माझी छकुली ती!” म्हणत तिने भिंगरीला कवेत घेतलं आणि गालाचा मुका घेतला.

भिंगरी किंचाळली. हिसडा देऊन सुटली, दोन्ही कानांवर हात दाबून भिंतीशी गेली आणि डोकं आपटू लागली. “अरे देवा! अगं, असं काय करतेस? थांब ना! मी आजी!” आजीचा आवाज चढला तशी भिंगरी आणखीच जोरात डोकं आपटू लागली.

ताईने धावाधाव केली नाही. कोचावरची उशी उचलून तिने भिंत आणि डोकं यांच्यामध्ये धरली. दुसऱ्या हाताने पडदा ओढला, पंखा बंद केला. मग ती आजीकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने जमिनीवर, स्वतःशेजारी, हाताने हलकेच थोपटलं. इथे बसा.

आजी गुडघे सांभाळत बसली. हा गोंधळ आपणच घातला होता, आता गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता.

आपटणं हळूहळू थांबलं. भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली शिरली. ताईने तिच्या अंगावर जाड गोधडी सरकवली आणि घड्याळाकडे पाहून दहा मिनिटं तशीच बसून राहिली. आजीच्या जिभेवर निदान पन्नास प्रश्न वळवळत होते. तिने ते एकेक करून गिळले.

मग बशी आली. केळ्याच्या चकत्या, एकीला एक न चिकटलेल्या. भिंगरीने सगळ्या संपवल्या. त्यानंतर बटणांचा डबा. भिंगरीने फरशीवर एक निळं बटण ठेवलं. ताईने त्याच्या शेजारी एक निळं ठेवलं. भिंगरीने ते बोटभर मागे सारलं. ताईने आणखी बोटभर सारलं. भिंगरी खुदकन हसली.

आजी बघतच राहिली. एक्स्चेंजमधल्या तिच्या बोर्डावर दिवा लागायचा, तेव्हा पलीकडे कुणीतरी आहे हे आवाज येण्याआधीच कळायचं. इथे तर केव्हाची लाइन लागली होती. कानांत बोटं घालून बसलेलं कुणी असेल, तर ती आपणच.

तिने भीत भीत एक बटण उचललं आणि रांगेत ठेवलं.

भिंगरीने त्या बटणाकडे बराच वेळ पाहिलं. काढून टाकलं नाही. थोड्या वेळाने ती सरकत आली, आजीचा हात मनगटाला धरून उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. आजी हलकेच कुरवाळायला गेली, तशी ताईने मान हलवली आणि स्वतःचे दोन्ही तळवे आपल्या डोक्यावर घट्ट दाबून दाखवले. आजीने तसं दाबलं. भिंगरीचे डोळे मिटले. तिने अख्खा भार आजीच्या अंगावर टाकला.

आजीने डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही. पुसायला हात मोकळा कुठे होता? सुट्टीत नेण्याचा बेत मात्र तिने मनातल्या मनात मोडून टाकला.

घड्याळात पाचला पाच मिनिटं कमी होती. तास भरला. भिंगरी पुन्हा बटणांकडे गेली. बोलायला आता मोकळीक होती, आणि तासभर साठवलेल्या प्रश्नांतला एकच आजीच्या तोंडून निघाला, तोही कुजबुजत.

“तू खरंच जीव लावलायस गं हिला. पण आम्ही काय जन्माला पुरणार आहोत? मोठेपणी एका शब्दाशिवाय ही कशी जगणार? कोण देणार हिला काम? कोण विश्वास टाकणार हिच्यावर?”

ताईने पर्समधून मोबाइल काढला. तिची बोटं भराभर चालली. तिने मोबाइल आजीपुढे धरला, आणि त्यातून एक सपाट, यंत्रातला आवाज आला.

“माझी आईसुद्धा अगदी हेच विचारायची. मीही आजवर तोंडाने एक शब्द बोललेले नाही.”