तापाची वही

“ही कितवी बाटली?” डॉक्टर ज्योत्स्नांनी विचारलं.

“तिसरी,” पुनम म्हणाली.

डॉक्टरांनी तापाच्या औषधाची रिकामी बाटली उजेडाकडे धरली. बोटभर उंचीची बाटली. पाच दिवसांत तीन.

पलीकडे तिची चार महिन्यांची उर्वी सलाईन लावून पडली होती. सकाळपासून तिनं दूध घेतलं नव्हतं. डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. यकृताला इजा झालीय, हैदराबादला हलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुनमचा नवरा राघवेंद्र ॲम्ब्युलन्स बघायला खाली गेला होता.

त्याची आई, सौदामिनीबाई, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. नांदेडच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. चुकलेला शब्द पाच वेळा लिहून घेतल्याशिवाय त्यांनी पोराला कधी घरी सोडलं नाही. राघवेंद्रानं उमरीच्या शेतकऱ्याची मुलगी पसंत करून आणली, तेव्हापासून त्यांना घरातच विद्यार्थीण मिळाली होती. ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हण. ‘लिवलंय’ नाही, ‘लिहिलंय’.

उर्वीला लस टोचली त्या दिवशी ताप आला. सौदामिनीबाईंनी लगेच वही सुरू केली. तारीख, वेळ, औषध, सही. पाजायचं पुनमनं आणि पाजलं की सही करायची. बाटलीबरोबर आलेलं ड्रॉपर पुनमच्या हातातून त्यांनी काढून घेतलं. हे शाईचं पेन भरायला वापरतात, म्हणाल्या. लेकीचा मुलगा मिहिर चमच्यानं औषध पिऊनच मोठा झाला होता. त्याचं पातळ औषध होतं आणि हे थेंबांचं, कितीतरी पट कडक, हा फरक त्यांनी पाहिला नाही. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. पण औषध अर्ध्यात सोडायचं नसतं, म्हणून पाच दिवस पुरे केले.

“एका वेळी किती दिलं?”

“अर्धा चमचा.”

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. “चमचा? मी ड्रॉपर दाखवून सांगितलं होतं. तेही ताप असला तरच. चमचा कोणी सांगितला?”

पुनम सासूकडे बघत राहिली. बाहेर लिफ्टचं दार वाजलं. राघवेंद्र आत आला आणि दारातच उभा राहिला.

सौदामिनीबाईंनी पर्समधून वही काढली.

“मी एकदाही पाजलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “दिलं हिनं. दर वेळची सही आहे, बघा.”

सह्या होत्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. एकही चुकलेली नव्हती. राघवेंद्रानं त्या वाचल्या. “तुला एवढंही कळलं नाही?” तो बायकोला म्हणाला. पोरीच्या पायावरचा हात पुनमनं काढला नाही.

डॉक्टर पानं मागं उलटत गेल्या. पहिल्या पानावर पुनमच्या अक्षरात एक ओळ होती: ‘ड्रॉपरनं पाऊण मिली, डॉक्टरांनी सांगितलं.’ तिच्यावर लाल शाईची आडवी रेघ. शेजारी त्याच शाईत, वळणदार अक्षरात: ‘चूक. अर्धा चमचा. पाच वेळा लिही.’

खाली पुनमनं पाच वेळा लिहिलं होतं.