फिकट बांगडी

तेजलच्या मनगटावरची बांगडी अजूनही पांढरीफटक होती. रक्त तपासायला बोट टोचायचे दिवस आता गेले होते. अंगात पुरेसं लोह आलं, की ही बांगडीच लाल व्हायची.

“गोळ्या घेतेस ना गं?” सासूबाईंनी विचारलं.

“रोज घेते, आई. सकाळच्या चहाबरोबर.”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, चहा लोह अंगी लागू देतो होय!”

दुसऱ्या दिवसापासून गोळीसोबत लिंबूपाणी आलं. चहावाचून ज्यांचे डोळे उघडत नसत त्या सासूबाईंनीही, सुनेला मोह नको म्हणून, सकाळचा चहा सोडला.

बांगडी डाळिंबासारखी लाल झाली, त्या दिवशी तेजलने आलं ठेचून चहा टाकला आणि पहिला कप सासूबाईंपुढे धरला.

“आधी तुम्ही घ्या, आई. तुमच्या वाटचा सगळा चहा माझ्या बांगडीत उतरलाय.”