अजून एक ठिपका

“नवा मासा महिनाभर वेगळा ठेवा काका, नाहीतर त्याचा रोग बाकीच्यांना लागेल,” दुकानदारानं बजावलं होतं. देवस्थळीकाकांनी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी जेवणाच्या टेबलावर मांडली. काकू असताना बसायच्या, त्या जागी.

आठवड्यात माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. काका थेंब मोजून औषध घालत. मासा काही खाईना. एकदा काका समोर जेवायला बसले आणि त्यानंही दाणा टिपला. तेव्हापासून दोघांची पंगत ठरली. “आमटी खारट झालीय. तुला चालेल म्हणा,” काका त्याला सांगत.

महिन्यानं दुकानदाराचा फोन आला. “ठिपके गेले ना? मग सोडा त्याला मोठ्या टाकीत. चार जणांत रमेल.”

काकांनी चष्मा लावून निरखलं. अंग लख्ख होतं.

“एक राहिलाय रे अजून,” ते म्हणाले आणि ताट वाढून घेतलं.