वजन न पेलणारं स्टूल

सुतारकामाच्या परीक्षेत माझं स्टूल नापास झालं. शेरा होता, “सांधे कच्चे, वजन पेलणार नाही.” मी तणतणत प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखांकडे गेले. “सर, मला अपील करायचंय.” “खुशाल कर. फक्त ते स्टूल समितीपुढे ठेवावं लागेल.” “पण ते तुम्हीच जमा करून घेतलंत!” “अगं, नापास माल आम्ही लगेच जाळून टाकतो. स्टूलच नाही, तर अपील कसलं? थांब, नियमच दाखवतो.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियमांची फाइल काढायला सर कपाटाजवळच्या स्टुलावर चढले. चांगला आडदांड माणूस, पण स्टूल हूं की चूं करेना. माझी नजर सांध्यांवर खिळली. प्रत्येकात काळ्या लाकडाची पाचर होती. वर्गात तशा पाचरी फक्त मीच ठोकल्या होत्या. मी दार सताड उघडलं. “सर, आता समिती येईपर्यंत खाली उतरू नका.”