पखवाजाची कणीक

अर्धांगवायूने मामंजींचा उजवा हात गेला आणि चाळीस वर्षं भजनात घुमलेला त्यांचा पखवाज खुंटीवर गेला. आमच्या भातसानगरच्या क्वार्टरमध्ये तेव्हा नुकतंच इंटरनेट आलं होतं. माझी सकाळची पूजा आटोपली की मी कॉम्प्युटरवर त्यांना भजनाचा रेडिओ लावून द्यायची.

"सूनबाय, याच्या पखवाजाला दम नाय गो. कणीक आण जरा."

पखवाज भरदार वाजावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. मामंजी तीच डाव्या हाताने स्पीकरला थापायचे, कान लावायचे, थोडी काढून पुन्हा थापायचे. "आता बोलला बघ!" म्हणून हसायचे. भजन संपेपर्यंत त्यांचं हेच चालायचं.

स्पीकरची दशा बघून ह्यांनी शहापूरहून मोठा वूफर आणला. पहिल्याच ठेक्याला फडताळातली भांडी थरथरली.

"काय बाबा, आला का दम?"

"आला रे."

मी सवयीने कणकेची वाटी पुढे केली. मामंजींनी ती हळूच बाजूला सारली.



"नको गो. आता तो माज्याबिगर वाजतो."