यमाचा दिवा

लेकाचं अकाली मरण टळावं म्हणून सासूबाई दर दिवाळीत उंबऱ्याबाहेर यमाचा दिवा लावायच्या, दक्षिणेकडे तोंड करून. गोष्टही ठरलेली: नव्या नवरीनं दिव्यांचा असा लखलखाट केला, की यमाचे डोळे दिपले आणि तिचा नवरा वाचला.

यंदा गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी सुनेला दिवा ठेवायला सांगितलं. ती वाकली तसा पदर घसरला आणि गळ्यावरचे बोटांचे काळेनिळे वळ उजेडात आले.

“पुन्हा?”

सुनेनं घाईनं पदर सावरला. आत लेक भर संध्याकाळी ढोसून घोरत होता.

सासूबाई गुडघे विसरून मटकन खाली बसल्या आणि त्यांनी चिमटीत धरून वात विझवली.

“वाऱ्यानं विझला म्हणायचं, पोरी.”

सुनेनं अंगणात पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.